व्हिडिओतली बाई

"ती बाई श्वास घ्यायला थांबली ना, की पुढं ढकलायचं. त्याच्यानंतरचं वाक्य काय कामाचं नसतंय."

विद्यापीठाच्या ग्रंथालयात खालच्या मजल्यावर संगणकांची एक लांब खोली आहे. तिथे माझ्या पुढच्या रांगेत बसलेला एक मुलगा शेजारच्या मुलाला हे समजावून सांगत होता. त्याच्या पडद्यावर निळी पाटी होती, 'शैक्षणिक सचोटी : भाग दोन'. हेडफोन त्याने गळ्यात अडकवलेला, आणि त्यातून दुप्पट वेगाने चालणारा एक बारीक आवाज बाहेर येत होता.

"पण ही बोलती कशी रे? बँकेच्या फोनवाणी."

"बँक नाय, बसस्टँड. प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे."

दोघे हसले. मीही हसले, कारण माझ्याकडे कोणी बघत नव्हतं. तो आवाज माझा होता.

मी तेव्हा ग्रंथालयशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला होते आणि दुपारी कमवा-शिका योजनेत ग्रंथालयातच काम करत होते. पुस्तकं रॅकवर लावणं, वर्तमानपत्रांच्या फाइली, संगणकाच्या खोलीवर लक्ष ठेवणं. त्या वर्षी असा नियम आला की प्रबंधिका जमा करायची तर आधी ऑनलाइन कोर्स पुरा करून त्याचं प्रमाणपत्र जोडायचं. दुसऱ्याचं लिखाण आपलं म्हणून देऊ नका, संदर्भ कसा द्यायचा, तपासणीचं सॉफ्टवेअर काय बघतं, असं सगळं त्यात होतं. इंग्रजीतले व्हिडिओ आधीपासून होते, पण ते कोणी बघत नसे. आमच्या ग्रंथालयाच्या मॅडम म्हणाल्या, आपण मराठीत करू. मजकूर मला लिहायला सांगितला. आवाजासाठी नाट्यशास्त्राचा एक मुलगा ठरला होता, तो स्पर्धेच्या नाटकाबरोबर कुठेतरी गेला आणि आलाच नाही.

"तूच वाच," मॅडम म्हणाल्या.

"मी?"

"तुझा आवाज चांगला आहे गं. बोलत नाहीस म्हणून वापरला गेलेला नाही, इतकंच."

जुन्या नियतकालिकांच्या खोलीत, पंखा बंद करून, आम्ही ते ध्वनिमुद्रण केलं. चारी बाजूंनी बांधीव अंकांचे गठ्ठे, त्यामुळे आवाज घुमत नसे. मॅडम मोबाइल धरून बसायच्या आणि मी वाचायचे. मला आठवतं, पहिल्या दिवशी मला घाम फुटला होता तो उकाड्याने नव्हे.

मी इंग्रजी शाळेत शिकले. आमचं घर चिकलठाण्याला, बाबा तिथल्याच एका कंपनीत. घरात सगळे मराठीच बोलतात, पण माझं वाचणं, विचार करणं, मनातल्या मनात भांडणं, सगळं इंग्रजीत होत गेलं. विद्यापीठात आले तेव्हा वर्गातली मुलं-मुली आपसात इतक्या भरभर बोलायची की मी मनात वाक्य जुळवून तोंड उघडेपर्यंत विषय बदललेला असायचा. मग मी वाक्य जुळवणंच सोडलं. मान हलवणं, हसणं, "हो ना" म्हणणं, यावर माणसाचे किती दिवस निघू शकतात याचं मला नवल वाटायचं. मुली म्हणायच्या, भाव खाते. मला ते ऐकू यायचं. मी कोणाला सांगायला गेले नाही की तसं नाही.

कोर्स सुरू झाला आणि त्या आवाजाला सगळ्या आवारात ओळख मिळाली. कॅन्टीनमध्ये एकाने दुसऱ्याच्या बशीतला समोसा उचलला की तिसरा ओठ आवळून, प्रत्येक अक्षर सुटं करत म्हणायचा, "दुसऱ्याचा समोसा स्वतःचा म्हणून खाणे ही केवळ चूक नव्हे." सगळं टेबल हसायचं. शेजारच्या टेबलावर मी चहा पीत असायचे. कोणी वळून बघितलं नाही. बघायचं कारणही नव्हतं, कॅन्टीनवाल्याशी मी बोटानेच बोलायचे.

एक मुलगी मला त्या संगणकाच्या खोलीतच भेटली. तिला कोर्समध्ये शिरता येत नव्हतं, पासवर्ड चुकत होता. मी उठून तिचं काम करून दिलं, एक अक्षरही न बोलता. ती म्हणाली, "मुकी हायेस का गं?"

"नाही."

"मग बरं. मला वाटलं मी उगाच मोठ्यानं बोलून राहिले."

ती भूगोलात एम.ए. करत होती. गाव फुलंब्रीच्या पुढं, राहायला होस्टेलवर. त्या दिवशी तिने पूर्ण कोर्स केला. पुढे न ढकलता, वहीत टिपणं काढत, मध्येमध्ये थांबवून परत ऐकत. सगळ्या विद्यापीठात तसं करणारी ती एकटीच असावी. मी मागच्या खुर्चीवर बसून स्वतःला तिच्या कानात बोलताना बघत होते. झाल्यावर तिने हेडफोन काढला आणि म्हणाली, "चांगली समजावती ही बाई. पण कशाला तरी भेती वाटतं."

ती बाई मीच, हे सांगायची ती वेळ होती, आणि ती गेली. त्यानंतर प्रत्येक दिवशी सांगणं जरा जास्तच अवघड होत गेलं.

ती रोज यायला लागली. माझी दुपारची सुट्टी झाली की पायऱ्यांवर येऊन बसायची, डबा उघडायची आणि धपाट्याचा अर्धा तुकडा माझ्या हातावर ठेवायची. "बघू नको, खा." मी तिच्याशी हळू आवाजात बोलायचे आणि तिला ते पुरायचं. माझी वाक्यं जुळेपर्यंत ती थांबायची. खरं म्हणजे ती थांबायची नाही, आपलं बोलणं चालूच ठेवायची, पण माझं वाक्य तयार झालं की त्याला जागा करून द्यायची. असं आधी कोणी केलं नव्हतं.

एकदा तिला चप्पल घ्यायची होती म्हणून शहागंजला गेलो. गर्दीत तिने माझं मनगट धरलं ते बाहेर पडेपर्यंत सोडलं नाही. दुकानदाराशी तिचं जुंपलं, तो म्हणत होता, "आपा, इतने में नक्को बोलो," आणि ती त्याच्याच बोलीत त्याला उलट ऐकवत होती. शेवटी चप्पल मिळाली आणि आम्ही एका रसाच्या दुकानात बसलो. तिने पर्समधून शेंगा काढल्या आणि टेबलावर मांडायला लागली.

"हे बघ. हा आमचा शनिवारचा बाजार. ही वेस. इथं भांडीवाले. इथं कापडवाले. आता मिरचीवाल्या कुठं बसतील सांग?"

मी एका मोकळ्या जागेवर बोट ठेवलं.

"गेली सगळ्यांची नाकं. बाई, वारा इकडून येतो. मिरचीवाल्या पार ह्या टोकाला, वाऱ्याच्या खाली. पोतं उलटलं तरी कुणाला ठसका लागत नाय. कुणी सांगितलेलं नाय हे. आपोआप हाय."

तिची प्रबंधिका आठवडी बाजारांवरच होती. मी विचारलं, "जागा कोण ठरवतं?"

"कुणीच नाय. कुणाच्या नावावर नसती जागा, आन प्रत्येकाची असती." तिने एक शेंग थोडी बाजूला सरकवली. "हितं एक म्हातारी लसूण घेऊन बसायची. उन्हाळ्यात गेली. तर शेजारच्या बायांनी तिच्या जागेवर एक दगड ठेवलाय. तिची सून येईल म्हणून. आली नाय अजून. पण एवढ्या दाटीत ती जागा रिकामी असती. नवा माणूस आला आन तिथं बसायला लागला ना, तर बाया काय बोलत नायत, नुसत्या बघतेत. उठतो गपगुमान."

मग तिने ती शेंग फोडून खाल्ली, आणि आम्ही उठलो. हर्सूलच्या नाक्यापर्यंत रिक्षाने बरोबर गेलो, तिला तिथून सुट्टीला गावी जायची बस होती. परतीच्या रिक्षात मी एकटी होते. मनगटावर तिच्या बोटांचा दाब राहिला आहे असं वाटत होतं. हे लिहायला थोडं लाजिरवाणं वाटतं, पण तसं वाटत होतं.

पुढच्या आठवड्यात तिने मला पेनड्राइव्ह दिला.

"एक काम हाय. नाय म्हणू नको."

त्यात एक प्रकरण होतं, 'बाजाराची रचना', इंग्रजीत. होस्टेलवरच्या एका सीनियर मुलीकडून आलेलं. तिच्याकडे ते तिच्याही आधीच्या कोणाकडून आलं होतं. हे असं चालत आलेलं होतं. फाइल पुढे द्यायची, घेणारीने गावाचं नाव बदलायचं. आता सॉफ्टवेअर आल्यामुळे नुसतं नाव बदलून भागत नव्हतं.

"तू शब्द बदलून दे फक्त. तुझं इंग्लिश चांगलंय. शुक्रवारी सरांना द्यायचंय."

"पण हे तुझं नाही," मी म्हणाले. हळूच.

"शब्द बदलल्यावर होतंय की. त्या व्हिडिओतल्या बाईनंच सांगितलंय, स्वतःच्या शब्दांत लिहा. मी लिहून घेतलंय." तिने वही उघडून दाखवली. खरंच लिहिलेलं होतं, त्याखाली रेघ मारलेली. "आता माझे शब्द मराठी. इंग्लिश शब्द तुझे. मग तुझे दे ना थोडे."

ती चेष्टा करत नव्हती. तिने ते वाक्य जसं ऐकलं तसंच घेतलं होतं. मी ते वाक्य कसं लिहिलं होतं तेही मला आठवत होतं. इंग्रजी पुस्तकातलं एक वाक्य समोर ठेवून त्याचं मराठी केलं होतं आणि पुढच्या पाटीकडे वळले होते. स्वतःचे शब्द म्हणजे काय, हे मला सांगावंसं वाटलं नव्हतं. ते सगळ्यांना माहीत असतं असं मी धरून चालले होते.

पेनड्राइव्ह घेऊन मी घरी आले. दुसऱ्या दिवशी रविवार होता. बाबा झोपलेले, आई स्वयंपाकघरात. मी फाइल उघडून वाचायला लागले. भाषा गुळगुळीत होती. तिसऱ्या पानावर तिच्या गावाचं नाव होतं आणि पुढे लिहिलं होतं की बाजाराच्या पश्चिमेला खाडीच्या कडेने मासे विकणाऱ्या बायका बसतात आणि भरतीच्या वेळेनुसार बाजार उठतो. मूळ प्रकरण कोकणातल्या कुठल्यातरी गावाचं होतं. हातोहात येताना कोणी ते वाचलंच नव्हतं, फक्त नाव तेवढं बदललं होतं.

मी तिला मेसेज केला, तुमच्या गावात खाडी आहे?

तिचं उत्तर आलं, नळाला रोज पाणी नाय, खाडी कुठली. मग हसण्याची चिन्हं. मग, ते तेवढं काढून टाक.

मी पहिला परिच्छेद बदलून बघितला. दहा मिनिटंही लागली नाहीत. मला ते फार चांगलं येत होतं. वाक्य उलटं करायचं, क्रियापदाचं नाम करायचं, एका वाक्याची दोन. सॉफ्टवेअरला काही कळलं नसतं. ते काय बघतं आणि काय बघत नाही हे मीच भाग चारमध्ये समजावलं होतं.

आई दारात येऊन उभी राहिली. "कोणाशी बोलत होतीस? हसलीस मगाशी."

"एक मुलगी आहे. भूगोलाची."

"मैत्रीण?"

मी मान हलवली. आईच्या चेहऱ्यावर जे आलं ते बघून मला फाइल बंद करावीशी वाटली. माझ्या दहावीच्या निकालालाही ती इतकी खूश झाली नव्हती. "अगं मग घरी घेऊन ये की. काय आवडतं तिला? होस्टेलवर काय खात असेल." ती लगेच डबे उघडून बघायला लागली, बेसन किती आहे ते. मला कळलं की आई या उत्तराची किती वर्षं वाट बघत होती, आणि प्रश्न मात्र विचारत नव्हती.

लाडवांचा डबा आणि पेनड्राइव्ह, दोन्ही एकाच पिशवीत घालून मी सोमवारी गेले. बदललेला परिच्छेद मी पुसून टाकला होता. फाइल होती तशीच होती. बसमध्ये मी काय बोलायचं ते जुळवत होते, आधी इंग्रजीत, मग मराठीत. मुकुंदवाडीपर्यंत मला वाक्य सापडलं होतं. विद्यापीठाच्या गेटपर्यंत ते हरवलं.

ती संगणकाच्या खोलीत आधीच येऊन बसली होती. माझ्यासाठी शेजारची खुर्ची धरून ठेवलेली, त्यावर ओढणी. पुढच्या रांगेत तीच दोन मुलं, बहुधा भाग तीनवर. खोलीत 'शांतता राखा' अशी पाटी आहे आणि ती कुजबुजण्याइतपत पाळली जाते.

"झालं?" ती कुजबुजली.

मी पेनड्राइव्ह टेबलावर ठेवला. "नाही केलं."

"वेळ नाय मिळाला? उद्या दे मग."

"उद्यापण नाही."

तिने माझ्याकडे बघितलं. मी टेबलाकडे बघत होते. माझ्याकडे सांगायला बरंच होतं. मॅडमनी सांगितलं होतं की तिच्या विभागात मराठीत लिहिलेली प्रबंधिका चालते. शेंगांनी मांडलेला बाजार मला पूर्ण आठवत होता, वेस, भांडीवाले, वाऱ्याची दिशा. हे सगळं इंग्रजीत माझ्या डोक्यात रांगेने उभं होतं आणि त्यातलं काही तोंडापर्यंत येत नव्हतं.

"इंग्रजीत दिलं तर वजन पडतंय गं," ती म्हणाली. "मला ज्युनिअर कॉलेजला शिकवायला लागायचंय. यंदा सबमिट नाय झालं तर घरचे म्हणतील, बास झालं आता. तुला माहितीय."

"माहितीय."

"मग?"

मी पेनड्राइव्ह तिच्याकडे सरकवला.

"तुला इंग्लिश येतंय ते तू काय एकटीनं कमावलंय? बापानं शाळेत घातलं म्हणून येतंय." तिचा आवाज अजून हळूच होता, त्यामुळे जास्त लागत होता. "तुम्हा लोकांचं बरं असतंय. तुम्हाला इमानदारी परवडती."

तिचं म्हणणं खोटं नव्हतं.

माझं वाक्य तयार व्हायची वाट बघायची तिला सवय होती. या वेळी ते झालं नाही. मग तिने खुर्चीवरची ओढणी उचलली, वही पिशवीत टाकली. "राहू दे. गेटसमोर टायपिंगवाले करून देतेत. मी उगाच तुला मैत्रीण समजून आले."

पिशवीतला लाडवांचा डबा माझ्या पायाशी होता. ती रांगांच्या मधून दाराकडे निघाली. नवी चप्पल होती, तिचा आवाज येत होता. मला तेव्हा पुढचे सगळे दिवस दिसले. पायऱ्या, दुपार, बोटाने मागवलेला चहा. आईला काय सांगायचं तेही मी ठरवायला लागले होते. तिने दाराची कडी धरली आणि मी उभी राहिले. खुर्ची मागे घासली गेली.

"थांब."

तो आवाज मला ओळखीचा होता. जुन्या अंकांच्या खोलीत पंखा बंद करून वाचताना निघायचा तो, स्पष्ट, प्रत्येक अक्षर सुटं. शांत खोलीत तो शेवटच्या भिंतीपर्यंत गेला. पुढच्या रांगेतल्या मुलाने गळ्यातला हेडफोन उचलून त्याच्याकडे बघितलं, मग वळून माझ्याकडे. दुसरा तोंड उघडं टाकून बसला. ती दारात वळली. तिच्या चेहऱ्यावर आधी राग होता, मग तो जागच्या जागी थबकला, आणि ती माझ्या तोंडाकडे अशी बघायला लागली की जणू मी इतके दिवस तिथे नव्हते.

सगळे बघत होते. मला श्वास घ्यावा लागला. तो मी घेतला, आणि नंतरचं वाक्य बोलले.

"शब्द मी बदलून देणार नाही. पण तू मला मिरचीवाल्या कुठं बसतात ते परत सांग, त्या लसणाच्या म्हातारीची जागा सांग, मराठीत सांग, तुला जसं येतं तसं, शुक्रवारपर्यंत रोज सांग. मी इथंच बसलेय. मी ऐकते."